चार दगडांची चूल

"अण्णा, जरा बाजूला व्हा. फोटोत येताय."

यशवंतपूरच्या आमच्या कारखान्यात सर, म्हणजे आमचे मालक, सगळ्यांसमोर असं बोलले. यंत्राला हार घातलेला. पेटंटचा अर्ज गेला म्हणून पेढे वाटलेले. मी यंत्रावर हात ठेवून उभा होतो. हात काढला. बाजूला झालो. झालो, याचीच लाज वाटते.

ते यंत्र भिंगाची परीक्षा घेतं. भिंगातून उजेडाचा ठिपका भिंतीवर पाडायचा, भिंग गोल फिरवायचं. ठिपका हलला की भिंगात खोट. सरांनी भिंगाखाली बैठकीला चार पोलादी छर्रे लावले होते. चांगलं भिंगही डुगडुगायचं, ठिपका नाचायचा. किती दिवस तेच. मी म्हटलं, "सर, चार दगडांची चूल कोण मांडतं? भांडं डुलणारच."

"अण्णा, ही लॅब आहे. स्वयंपाकघर नाही."

हसले सगळे. रविवारी मी एकटा आलो. नवी बैठक केली, तीन छर्ऱ्यांची. ठिपका खिळा ठोकल्यासारखा उभा राहिला. सोमवारी सरांनी बघितलं. यंत्राचं नवं चित्र काढायला बसले, तीन छर्ऱ्यांचं.

पेढ्यांनंतर त्यांनी माझ्यापुढे इंग्रजी कागद ठेवला. शाईचा पॅडही. "सही जमत नसेल तर अंगठा द्या."

मी चौथी शिकलोय. सही येते. पण वाचून घेतल्याशिवाय करत नाही. कागद घरी नेला. लेकीने वाचून दाखवला.

"अप्पा, यात लिहिलंय, तुम्ही फक्त सांगितलेलं काम केलं. शोध लावणारे तिघं. सर, त्यांचे भागीदार, आणि सरांचा मेहुणा."

मेहुण्याने यंत्र पहिल्यांदा पाहिलं ते पेढा खाताना!

दुसऱ्या दिवशी कागद तसाच सरांच्या टेबलावर ठेवला. "हे खोटं आहे. सही नाही. माझं नाव घाला."

"चौथी शिकलेल्याचं नाव पेटंटवर? लोक हसतील, अण्णा."

"हसू देत."

"मग उद्यापासून येऊ नका."

"सरी, ठीक आहे," म्हटलं. निघालो.

आता लेक हरकतीचा अर्ज लिहितेय. खाली सही माझी. चेन्नईच्या पेटंट ऑफिसात बोलावलं तर जाईन. म्हणेन, यंत्र खोला, सगळे भाग टेबलावर ओता. सरांना बसवा, मेहुण्याला बसवा, मला बसवा. जुळवू द्या ज्याला जुळतं त्याला. नाही बोलावलं तर दारात जाऊन बसेन. नाव लिहिल्याशिवाय उठणार नाही.