आंबट धुकं
दगडी कोळशाचा वास आला की सोलापुरातली सत्तरच्या दशकातली ती सकाळ आठवते. मी गिरणीत केमिस्ट होतो. शेजारच्या वस्तीतली एक बाई चिमणीच्या धुराची लेखी तक्रार घेऊन आली. "धुकं आंबट लागतंय, सायेब. पोरीला लई धाप लागतीया." "मग साखर घाल की!" मॅनेजर हसले आणि अर्ज माझ्याकडे सरकवला. कोळशातलं गंधक जळून त्याचा वायू धुक्यात विरघळतो आणि त्याचं आम्ल होतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी अर्जावर शेरा लिहिला आणि तिला वाचून दाखवला, 'साधे धुके'. "साधं हाय व्हय? मग हितं उभं ऱ्हावून तोंड उगडा की!" दाराबाहेरच्या धुक्यात जाऊन ती ओरडली. मी तोंड घट्ट मिटलं. आजही धुकं दिसलं की ते आपोआप मिटतं.