आगाशीच्या जत्रेतला बिनतारी निरोप

उमेळ्यात बसमधून उतरलो तेव्हा पहिल्यांदा दिसली ती तार. आंब्याच्या शेंड्यावरून निघून ती वाडीपलीकडच्या नारळाला बांधलेली होती, आणि तिच्या मागं सात मजली इमारत. मी एक थांबा आधीच उतरलो होतो. पण तार दिसल्यावर पत्ता विचारायची गरज उरली नाही. अशी तार हौशी रेडिओवाल्याच्याच घरावर असते.

मी तासगावचा, वीज खात्यातून निवृत्त झालेला. बारा वर्षं रोज सकाळी घरच्या रेडिओसंचावरून फिलोमिना टीचरशी बोलतोय, पण भेट पहिलीच. आवाज इतका खणखणीत की मी मनात चांगल्या उंचपुऱ्या बाई धरल्या होत्या. दार उघडलं ते माझ्या खांद्याला लागणाऱ्या, पांढऱ्या केसांच्या बाईंनी.

"मानेभाऊ, तुमचा आवाज तुमच्यापेक्षा तरुण आहे हो," त्या म्हणाल्या आणि फुगे (आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे) नि कोंबडीचं कालवण पुढ्यात ठेवलं. आठ फुगे खाल्ल्यावर कळलं, मला पाहुणा म्हणून बोलावलेलंच नव्हतं. त्यांच्या क्लबात माणसं नऊ, आणि आगाशीच्या जत्रेत बिनतारी संपर्क सांभाळायचं काम त्यांच्याकडं. गर्दीत मोबाइल लागत नाहीत, म्हणून पोलीस आणि प्रथमोपचारवाले क्लबवरच भिस्त ठेवतात. एक जण आजारी पडला होता. त्याचा हँडसेट माझ्या हातात आला.

दुपारी आगाशीला पोचलो. देवळापासून बाजारापर्यंत माणसांचा पूर. टीचर देवळाशेजारच्या मंडपात मुख्य केंद्रावर बसल्या, मला बाजाराच्या तोंडाशी उभं केलं. तिथं सुकेळी (उन्हात सुकवलेली राजेळी केळी) विकत होते. एक घेतलं, दुसरं घेतलं, विकणाऱ्या बाईंना म्हटलं, "मावशी, आमच्याकडं असलं काही पिकत नाही." तेवढ्यात शेजारचा हवालदार हसायला लागला. माझ्या अंगठ्याखाली हँडसेटचं बटण दाबलेलंच राहिलं होतं. माझं चघळणं सगळ्या जत्रेतल्या हँडसेटांवर गेलं होतं.

"मानेभाऊ, आम्हालाही आणा दोन," टीचरांचा आवाज आला.

पण पुढच्याच संदेशात तो आवाज बदलला. मनवेलपाड्याहून आलेले एक आजोबा तासभर सापडत नव्हते. साखरेचा आजार, गोळी घेतलेली पण दुपारचं जेवण राहिलेलं, आणि हल्ली विसरतातही. अंगात पांढरा सदरा, डोक्याला टोपी. मी समोर पाहिलं. पांढरा सदरा आणि टोपी घातलेले निदान चाळीस जण दिसत होते.

टीचर मात्र आजोबांच्या बायकोशी बोलत राहिल्या असाव्यात. दोनच मिनिटांत निरोप आला: "आजी म्हणतात, कुठल्याही बाजारात गेले की ते आधी कोयत्याची धार बघतात. आयुष्यभर भातशेती केलेला माणूस आहे. कोयते, विळे कुठं विकायला बसलेत?"

मावशींनी बोट दाखवलं. मी वाट काढत लोहाराच्या पालापाशी गेलो. एक म्हातारे उकिडवे बसून कोयता नखावर घासून पाहत होते. कपाळावर घाम होता, हात थरथरत होता.

"याला पानी नीट दिलं नाय," ते लोहाराला सांगत होते. (पातं तापवून पाण्यात बुडवतात, त्याला पाणी देणं म्हणतात.) लोहार चिडला नव्हता, लक्ष देऊन ऐकत होता.

आजोबा सापडल्याचं मी कळवलं. प्रथमोपचारवाले निघाले. तोवर साखरपाणी द्या, असं टीचरांबरोबर बसलेल्या डॉक्टरांनी सांगितलं. लोहाराच्या बायकोनं पेला आणला. आजोबा प्यायले, हळूहळू हात स्थिर झाला. मग त्यांनी विचारलं, "तुमी कोन? आमची कुठं हाय?"

आजी मंडपात टीचरांशेजारीच होत्या. हँडसेटवर बोलायचा परवाना आमचा, म्हणून बोलायचं आम्हीच. टीचर आजींचं वाक्य न वाक्य सांगत होत्या, आणि मी ते आजोबांना जसंच्या तसं ऐकवत होतो.

"त्या म्हणतात, एवढी चाळीस वर्सं कोयते बघितले, अजून पोट नाय भरलं?"

आजोबा खाली बघून म्हणाले, "तिला सांगा, एक चांगला मिळाला तर घेनार होतो. तुझ्या नारळासाठी."

मी ते सांगितलं. मग टीचर म्हणाल्या, "हसताहेत. डोळेही पुसताहेत. ओव्हर."

लोहारानं आतून दुसरा कोयता काढला. आजोबांनी नखावर घासला आणि मान डोलावली.

तासगावला परत आलो त्या संध्याकाळी बायको भाजी निवडत होती. सगळी हकिगत सांगून झाल्यावर मी विचारलं, "मी जत्रेत हरवलो तर तू कुठं शोधशील?"

तिनं वर पाहिलंही नाही. "तारेची भेंडोळी विकायला बसला असेल त्याच्याकडं."

मी तिच्यासमोर बसलो आणि मेथीची एक जुडी ओढून घेतली. आपल्याला कुठं शोधायचं, हे कुणाला तरी इतक्या सहज ठाऊक असतं. बरं वाटलं.