स्वयंपाकघरातला अंतरा

गाणाऱ्यांच्या घरात गुरूचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतात. सासरी आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात पाहिलं, आमचे मामंजी, म्हणजे सासरे, पान लावता लावतासुद्धा गुरूचं नाव काढायचे आणि हात कानाला जायचा. काय नम्र माणूस आहे, असं मला वाटलं. भुलले, दुसरं काय!

त्यांचं नाव मोठं. जालन्यात तर होतंच, पार हैदराबादहून गाण्याची बोलावणी यायची. मी टेंभुर्णीची, शेतकऱ्याची पोर. वडील देवळात भजनाला बसायचे, त्यांच्याजवळ शिकले. कॉलेजात असताना रेडिओवरही गायले. गाणारी सून पाहिजे म्हणून हे लोक मला पाहायला आले. लग्नात ताटातल्या तांदळात माझं नाव बदललं आणि एका रागाचं नाव ठेवलं. रागाचं नाव ठेवलं अन् गाण्याला कुलूप लावलं. आता याला काय म्हणावं?

"गाऊ नको" असं कुणी म्हणलं न्हाई हं. तसं म्हणायला जिगर लागते. सासूबाईंचं एकच, "गा की! कोण नको म्हणून राह्यलं? एवढं आवरून गा." ते आवरणं काही संपायचं नाही. एका वर्षी वाटूरच्या गणपतीत माझा कार्यक्रम ठरला. नेमकी त्याच दिवशी मामंजींनी पुरणावरणाला पंगत बोलावली. नवरा पेटी पुसत बसला होता. "तुम्ही तरी बोला," म्हणलं. "बाबांपुढं मी काय बोलू?" म्हणाला. त्याच्यापेक्षा मातीचा गणपती बरा, त्याला वर्षातून एकदा पाण्यात तरी सोडता येतं.

मग मी गाणं ओट्यापाशी नेलं. पोरगी बोलायला लागली तशी तिला डब्यांजवळ पाट टाकून बसवलं आणि शिकवायला लागले. भाकरीच्या थापेवर ठेका धरायचा. कुकरची शिट्टी नेमकी बेसूर, ती झाली की आम्ही दोघी तोंड वाकडं करायचो. वडिलांची स्वतःची एक बंदिश होती, आमच्या देवळाबाहेर कुणाला ठाऊक नव्हती. ती मी तिला दिली. तिचा अंतरा अवघड, तिथं पोरगी अडखळायची.

एकदा मामंजींनी दिवाणखान्यातून तिचा आवाज ऐकला आणि पाहुण्यांना म्हणाले, "आमचा गळा उतरलाय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पोटात मी वाढवलं, इतकी वर्षं घासूनपुसून मी घेतलं, आणि गळा यांचा! माझं गाणं गेलं ते गेलं. पण पोरीनं एकदा, फक्त एकदा, चारचौघांत कानाला हात लावून माझं नाव घ्यावं, एवढं मला हवं होतं. त्याच्यावर मी जगत होते, खोटं कशाला सांगू?

तर मामंजींनी तिला गंडा बांधायचं काढलं. गुरू शिष्याच्या मनगटाला धागा बांधतो, चणे-गूळ भरवतो, मग जगासाठी ती त्याची शिष्या. काडीचं न शिकवता! "हे बराबर न्हाई," मी नवऱ्याला म्हणलं. "घराण्याचं नाव लागलं तर पोरीचंच भलं आहे," म्हणाला.

गंड्याच्या कार्यक्रमात पोरीनं वडिलांची तीच बंदिश धरली, कारण तिला तीच लाडकी. अंतऱ्याला अडखळली तशी तिनं मामंजींकडं पाहिलं. त्यांनी डोळे मिटून मान डोलावली. येतच नव्हती, तर करतील काय! पोरीनं कसंबसं उरकलं आणि पढवल्याप्रमाणे कानाला हात लावून आजोबांचं नाव घेतलं. चण्यांचं ताट माझ्याच हातात होतं. भिरकावून द्यावं वाटलं. पण नेऊन ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगी ओट्यापाशी आली. मी म्हणलं, "इकडं काहून आलीस? तुझे गुरू दिवाणखान्यात बसलेत." गेली बिचारी, अन् लगेच परत आली.

"आजोबा म्हणाले, अंतरा आईकडून पक्का करून घे, मंग मला ऐकव."

मी तवा खाली उतरवला. पिठाच्या हातानंच दिवाणखान्यात गेले. अभिनंदनाला माणसं आल्ती, चहा चालला होता.

"मामंजी, अंतरा पक्का करून देते. आधी कानाला हात लावा अन् माझं नाव घ्या."

"अगं बाई!" म्हणून सासूबाई खुर्चीत मटकन बसल्या. मामंजींनी कप खाली ठेवला.

"सूनबाई, भान ठेवा. घरातल्या बाईचं नाव कुणी घेतं का?"

"मंग घरातल्या बाईचा अंतरा बी घेऊ नका."

नवरा पायांकडं बघत होता. पोरगी आमच्या दोघांच्या मधे उभी होती, मनगटाला नवा कोरा गंडा.

"चल बाळ, बस इथं," मामंजींनी गादीवर हात आपटला.

ती बसली नाही. तिचा हात कानाकडं गेला. आजोबांकडं बघत, सगळ्यांना ऐकू जाईल असं, तिनं माझं नाव घेतलं. तांदळात काढलेलं ते रागाचं नाव नव्हे. टेंभुर्णीत माझे वडील ज्या नावानं हाक मारायचे, ते.