शेजारची तुकडी

जामखेडच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला प्रोग्रॅमिंग शिकवावं ते महेंद्र सरांनीच, असं कित्येक वर्षं चाललं होतं. यंदा दुसरी तुकडी निघाली आणि ती यशोधराला मिळाली. ती सरांचीच जुनी विद्यार्थिनी. पेढे घेऊन भेटायला आली तेव्हा सरांना खरंच आनंद झाला होता.

तो दिवाळीपर्यंतही टिकला नाही. सरांची मुलं गुपचूप तिच्या वर्गात जाऊन बसू लागली. तिथून हसणं ऐकू आलं की सरांचा खडू फळ्यावरच थांबायचा.

"प्रोग्रॅमिंगमध्ये हसण्यासारखं असतं काय?" त्यांनी घरी बायकोला विचारलं.

"तुमच्या वर्गात नसेल," भारती म्हणाली.

वेळापत्रक सरांच्या हातात होतं. त्यांनी यशोधराच्या प्रॅक्टिकलला नेमकी दुपारची वेळ दिली. त्या वेळेला लाईट हमखास जायची.

तशी ती गेलीच. मुलं आता घरी पळणार म्हणून सर खिडकीशी उभे राहिले. यशोधराने मात्र सगळ्यांना लिंबाखाली नेऊन एका रांगेत उभं केलं.

"डावीकडचा उंच असेल तर शेजारच्याशी जागा बदला. टोकाला पोचलात की पुन्हा पहिल्यापासून."

धक्काबुक्की करत, हसत चार-सहा फेऱ्या झाल्या आणि रांग उंचीप्रमाणे लागली. सरांकडे दोनदा नापास झालेला रविराज ओरडला, "आरं, ह्ये तर सरांचं सॉर्टिंग! यवढं सोपं हुतं व्हय?"

सरांचे कान तापले. ते तरातरा खाली उतरले.

"मॅडम, हा काय खेळ मांडलाय?"

मुलांची रांग मोडली.

"लाईट नाही ना, सर. या वेळेला रोज जाते म्हणे. तुम्हाला माहीत नव्हतं का?"

तिच्या आवाजात खोच नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं. सर तसेच माघारी वळले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला सकाळची वेळ दिली. कारण विचारलं तर सांगितलं नाही.

मत्सर काही त्याने गेला नाही. पण पुढच्या आठवड्यात सॉर्टिंग शिकवायची वेळ आली तेव्हा सरांनी खडू खाली ठेवला आणि आपल्या मुलांना व्हरांड्यात रांगेत उभं केलं.

"सर, ह्ये मॅडमचं हाय," पुढची निकिता म्हणाली.

"होय, त्यांचंच आहे. चला, डावीकडून सुरू करा."

घंटा झाली तेव्हा मुलं पांगायला लागली. सरच म्हणाले, "थांबा रे, एक फेरी राहिलीय."