उरलेली चार वजनं

पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी मी पुण्यातल्या प्रयोगशाळेत कोळंबीच्या सालींपासून जखमेवर लावायची पातळ पट्टी बनवत होते. एका सकाळी विभागाचे शिपाई दारातूनच म्हणाले, "मॅडम, खोडाळ्याहून फोन होता. तुमचे वडील गेले."

मी "बरं" म्हटलं. समोर पट्ट्या पाण्यात भिजत होत्या आणि त्या किती पाणी शोषतात, हे दर दहा मिनिटांनी वजन करून पाहायचं होतं. उरलेली चार वजनं मी घेतली, वहीत नीट लिहिली आणि मग एसटी स्टँडवर गेले.

खोडाळ्यात उतरले तेव्हा अंधारत होतं. लोक ओढ्यावर आंघोळ करून नुकतेच परतत होते. काका म्हणाले, "दिवस मावळेपर्यंत थांबलो गं तुझ्यासाठी. अर्धा तास आधी आली असतीस तर."

"गाडी उशिरा मिळाली," मी म्हटलं.

शेजारच्या काकूंनी नागलीच्या भाकऱ्या आणि डाळ आणली होती. "जेव, लांबून आलीस," आई म्हणाली. मला रडू येत नव्हतं. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या.