नितीनची गाडी किती उचलायची?

बिबवेवाडीत माझं टायर आणि सस्पेन्शनचं दुकान आहे. दुकानामागे जुने टायर साठतात, तसेच किस्सेही साठतात. कुणी घेऊन जात नाही आणि आपल्याला टाकवत नाहीत. टायरांत पाणी साचतं, डास होतात, म्हणून महापालिकेचा माणूस अधूनमधून येऊन दम देतो. किश्श्यांबद्दल अजून नोटीस आलेली नाही, तोवर सांगून घेतो!

त्यातले निम्मे किस्से एकट्या नितीन गजभियेने पुरवलेत. हा राहायला खडकीला, नोकरी हिंजवडीत, सॉफ्टवेअरमध्ये. उंची पाच फूट दोन इंच. गाडी मात्र पिकअप, चार दारांची, मागे एवढा मोठा हौदा. पहिल्याच दिवशी म्हणाला, "काका, मोठे टायर टाकायचेत आणि सस्पेन्शन उचलून घ्यायचंय. लिफ्ट!"

माझा फिटर बापू दुसऱ्या एका गाडीखालून बाहेर आला. बापू फारसं बोलत नाही. बोलला की समोरच्याला वाटतं, गप्प होता तेच बरं होतं.

"ऑफरोडिंग करता?" बापूने विचारलं.

"रोज!"

"कुठे?"

"खडकी ते हिंजवडी."

बापूने गंभीरपणे मान डोलावली. "मग उचलावीच लागेल."

गाडीभोवती चक्कर मारताना बापूला डाव्या दाराची खालची कड चेपलेली दिसली. महिन्याभराची नवी गाडी! नितीन ओशाळून म्हणाला, "घरासमोर लावली होती. दार उघडताना ओट्यावर आपटलं."

"गाडी नवी, ओटा जुना," बापू म्हणाला. "म्हणजे चूक ओट्याचीच."

*

नितीनची आई, सुशीलाताई. मूळच्या वर्ध्याच्या. नर्सच्या नोकरीसाठी पुण्यात आल्या आणि इथेच रिटायर झाल्या. आमच्याशी बोलताना एकदम स्वच्छ पुणेरी, पण मुलावर चिडल्या की थेट वर्धा! दोन्ही गुडघे कामातून गेलेले. खडकीच्या बैठ्या घरातून ओट्याच्या पायऱ्या कठडा धरून उतरतात, तेवढंच चढणं-उतरणं.

गाडी घेताना नितीनने त्यांना एकच कारण दिलं होतं. "आई, तुला मावशीकडे वर्ध्याला गाडीने नेतो." मावशी थोरली, अंथरुणाला खिळलेली, रोज फोन करून विचारते, "कधी येतेस गं?" सुशीलाताईंचा सगळा जीव त्या फोनमध्ये.

शोरूममध्ये दोन सेल्समननी दोन बाजूंनी धरलं, तेव्हा त्या एकदा गाडीत बसल्या. उतरवायला तिसरा माणूस बोलवावा लागला. घरी आल्यावर म्हणाल्या, "काहून रे, ही गाडी हाये का गच्ची? मले चढवायले क्रेन आणशील?"

त्यानंतर त्या गाडीत पाऊल टाकायला तयार नाहीत. आणि हा पठ्ठ्या तीच गाडी आणखी वर न्यायला निघालेला!

मी विचारलं, "अरे, आई चढत नाही आणि तू उंची वाढवतोस?"

"काका, लांबचा रस्ता आहे. सस्पेन्शन चांगलं झालं की आईच्या गुडघ्यांना धक्के बसणार नाहीत."

"धक्के बसायला," बापू गाडीखालून बोलला, "आधी आई बसायला हवी."

*

सुशीलाताईंना गुडघ्याच्या डॉक्टरकडे जायचं असलं की त्या रिक्षा बोलावतात. नितीनला चैन पडत नाही. तो रिक्षामागून रिकामी पिकअप घेऊन जातो. रिक्षा थांबली की हा थांबतो, रिक्षा वळली की हा वळतो.

एकदा रिक्षावाला बराच वेळ आरशात बघत होता. शेवटी घाबरत म्हणाला, "मावशी, मागे ती मोठी गाडी लागलीय बघा. काही भानगड आहे का?"

"आहे ना," सुशीलाताई म्हणाल्या. "माझा मुलगा आहे."

*

बापूचं म्हणणं होतं, आधी लिफ्ट, मग मोठे टायर. नितीनला दम कुठला! टायर त्याने ऑनलाइन पसंत करून ठेवलेले. एक अख्खं प्रेझेंटेशन केलं होतं, रंगीत आलेखांसकट. ते लॅपटॉपवर आम्हाला दाखवलं. पुढची स्लाइड, पुढची स्लाइड असं करत पाऊण तास गेला. शेवटी पडद्यावर "काही प्रश्न?" असं आलं.

"एकच," बापू म्हणाला. "यात घासण्याची स्लाइड कुठाय?"

टायर बसवले आणि घासले! स्टिअरिंग उजवीकडे पूर्ण वळवलं की टायर आतल्या प्लास्टिकला लागून दात खाल्ल्यासारखा आवाज यायचा. मग नितीनने यू-टर्न घेणंच सोडलं. जिथे यू-टर्न असेल तिथे सरळ पुढे जायचं, डावीकडून डावीकडून वळत परत यायचं.

मी विचारलं, "मग आता हिंजवडीहून खडकीला यायला किती वेळ लागतो?"

"दीड तास."

"आणि आधी?"

"आधीही दीड तासच लागायचा!"

*

टायर मोठा झाला की चाकाच्या एका फेरीत गाडी जास्त पुढे जाते आणि मीटर वेग कमी दाखवतो. हे नितीनला पक्कं माहीत होतं, स्लाइडवरच होतं. चौकात ट्रॅफिक पोलिसाने त्याला वेगासाठी बाजूला घेतलं.

"साहेब, माझ्या मीटरवर काटा लिमिटच्या आत होता."

"आमच्या मशीनमध्ये लिमिटच्या बाहेर आहे."

नितीनने त्यांना शांतपणे सगळं शास्त्र समजावलं. टायरचा परीघ, चाकाच्या फेऱ्या, मीटरची चूक. पोलिसाने अगदी मन लावून ऐकलं. मग म्हणाला, "म्हणजे टायरपण बदललेत तर!"

दोन चलनं घेऊन नितीन घरी गेला. सुशीलाताई म्हणाल्या, "तुले शिकवलं कायले रे मी?"

*

काढलेले जुने टायर नितीनने घरी नेले. "पुढेमागे लागतील." पंधरा दिवसांनी मी फोन केला तेव्हा सुशीलाताईंनी उचलला. म्हटलं, "टायर कसे आहेत?"

"उत्तम. दोन टायरांत अळू लावलाय, एकात कढीपत्ता. चौथा वर्ध्याला नेईन म्हणते, बहिणीच्या अंगणात ठेवायला."

हसत हसत म्हणाल्या आणि त्यांनी एकदम फोन ठेवून दिला.

*

घासण्यावर लिफ्ट हाच उपाय होता, पण किती इंच? नितीन म्हणे चार. बापू म्हणे दोन, त्यावर एक सूतही नाही. मी म्हणालो, शून्य करा आणि आईला रेल्वेचं तिकीट काढून द्या. पण रेल्वेच्या पायऱ्याही त्यांना झेपत नव्हत्या, त्यामुळे माझं मत बाद झालं. वाद आठवडाभर चालला. एका संध्याकाळी नितीन टायरांच्या चळतीवर बसला आणि म्हणाला, "काका, आई बसणार नसेल तर मी ही गाडी घेतली तरी कशाला?" मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुकानासमोर रिक्षा थांबली. सुशीलाताई! मागे पिकअप होतीच.

त्यांनी पर्समधून कपडे शिवतानाची टेप काढली. बापूला टेपचं एक टोक धरायला लावलं आणि दाराच्या खालच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजलं. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं. ओठांतल्या ओठांत काहीतरी वजाबाकी केली.

"तीन इंच उचला," त्या म्हणाल्या.

नितीनचा चेहरा उजळला. "आई, दोन आणि चारच्या मधलं! मध्यम मार्ग!"

"मार्गबिर्ग काही नाही. तीन म्हणजे तीन. भाऊ, पावणेतीन चालणार नाही."

बापूने आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाला उलट उत्तर दिलं नाही.

*

आरटीओच्या परवानगीचे सोपस्कार नितीनने ऑफिसच्या कामापेक्षा जास्त मन लावून केले. कागद हातात आल्यावर बापूने पुढची-मागची स्प्रिंग्ज बदलली, गाडी तीन इंच वर गेली, टायर घासायचे थांबले. शनिवारी सकाळी नितीन गाडी न्यायला आला तेव्हा त्याच्या बगलेत एक लोखंडी स्टूल होतं, रबराच्या पायांचं, नवंकोरं.

"आईसाठी," तो म्हणाला. "दोन पायऱ्यांचं आहे. बसली तर बसली." आणि आम्हाला म्हणाला, "तुम्हीपण चला ना. मला एकट्याला भीती वाटतेय."

गेलो. खडकीतल्या त्यांच्या गल्लीत गाडी शिरली तर सुशीलाताई ओट्यावर उभ्या. अंगावर ठेवणीतली साडी, खांद्याला पर्स, पायाशी बॅग, बॅगेशेजारी पाण्याची बाटली आणि धुऊन पुसलेला एक जुना टायर.

नितीन काच खाली करून म्हणाला, "आई, थांब, मी स्टूल लावतो."

"स्टूल राहू दे. गाडी ओट्याला चिकटव."

"दार आपटेल, मागच्यासारखं..."

"चिकटव म्हणते ना! अजून. अजून आत. बस!"

मी मागच्या सीटवरून बघत होतो. सुशीलाताईंनी डावीकडचं पुढचं दार ओढलं. ते ओट्यावरून अलगद सरकत पूर्ण उघडलं. खालून फार तर एखादी वही गेली असती. आत गाडीची फरशी आणि बाहेर ओटा, जवळजवळ एका पातळीत. त्यांनी दाराला धरलं, एक पाय आत टाकला, दुसरा टाकला आणि सीटवर बसून पदर सारखा केला.

बापू आ वासून बघत होता. नितीन तेवढ्यात स्टूल घेऊन खाली उतरला होता आणि गाडीला वळसा घालून ओट्यापाशी आला होता. डोळे भरलेले, हातात स्टूल.

सुशीलाताईंनी वरून त्याच्याकडे पाहिलं. त्याची बाजू, ड्रायव्हरची, गल्लीच्या अंगाला होती. तिथे ओटा नव्हता.

"रडतोस कायले?" त्या म्हणाल्या. "बॅग आणि टायर हौद्यात टाक, आणि ते स्टूल तुह्या बाजूले लाव. चढ लवकर, वर्ध्याले उशीर होऊन रायला!"