टॅब बंद करणारी

गिऱ्हाइकं तिला कुलूपताई म्हणायची आणि ती त्यावर खूश होती. लाँड्रीच्या वरच्या खोलीत, खालून येणाऱ्या इस्त्रीच्या वाफेत, तिचा धंदा चाले: लोकांच्या खासगी विकी सांभाळणं. विकी म्हणजे आपली आपण लिहायची वही, फक्त तिच्यातल्या शब्दावर बोट ठेवलं की थेट दुसऱ्या पानावर उडी. गिऱ्हाइकाने आपल्या ब्राउझरमध्ये पासवर्ड टाकून ती उघडायची. कुलूपताईच्या सर्व्हरवर यायचं ते नुसतं कुलूपबंद गाठोडं. आत काय आहे, ते ब्रह्मदेवाच्या बापालाही कळणार नाही, असं ती ऐटीत सांगे.

पण गिऱ्हाइकं ऐकतील तर शपथ.

"काम झालं की टॅब बंद करा हो," ती प्लंबरला विनवायची. "उघडा टॅब म्हणजे दार सताड टाकून आंघोळीला जाणं."

"ताई, मी दिवसभर पाना शोधतो. आता पासवर्डपण शोधू?"

ऐकायची ती एकटी मावशी. तिची सख्खी मावशी, नाटकवाल्यांचे टोप करणारी. कुणाच्या डोक्याचा घेर किती, टाळूला उंचवटा कुठे, कुणाला डिंकाने पुरळ येतं, हे सगळं मावशीच्या विकीत. आणि दोन ओळी लिहिल्या की मावशी इमानाने टॅब बंद करणार.

एका सकाळी सर्व्हरची डिस्क खोकली, दोनदा करकरली आणि गेली.

"बॅकअप आहे ना?" दाढी करता करता नवऱ्याने विचारलं. चष्म्याचं दुकान त्याचं. संगणकातलं त्याला एवढंच ठाऊक.

"आहे. रोजचा. दुसऱ्या गावात. तोही कुलूपबंद."

"मग उघड."

"त्याची किल्ली माझ्या विकीत लिहून ठेवलीय."

"आणि तुझी विकी?"

तिने गेलेल्या सर्व्हरकडे बोट दाखवलं.

"म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीत."

"अगदी तसं नाही."

"मग कसं?"

"...तसंच."

नवरा हसला नाही. गाल फेसाने भरला होता म्हणून असेल.

आता एकच आशा. टॅब उघडा असला, की अख्खी विकी त्या टॅबमध्ये असते. तिथून उतरवून घेता येते. तिचा स्वतःचा टॅब अर्थातच बंद होता. ज्या आळसावर तिने वर्षानुवर्षं तोंडसुख घेतलं, त्याच आळसाला आता ओवाळायची वेळ आली. तिने फोन लावायला घेतले.

"बंदच करतो ताई, आईशपथ," प्लंबर म्हणाला.

"खरं सांगा."

"...गेल्या महिन्यापासून उघडा आहे."

"देव तुमचं भलं करो. हात लावू नका, मी सांगते तेच बटण दाबा."

वकीलबाईंनी सूर लावला, "आपल्या सूचनांचं मी तंतोतंत पालन करते."

"बाई, मी न्यायाधीश नाही."

"मग आहे उघडा. कुठल्या खिडकीत आहे ते मात्र शोधावं लागेल."

दुपारपर्यंत एकेक विकी परत आली. ज्यांचा टॅब उघडा नव्हता त्यांनी आपापली प्रत केव्हाच गुपचूप उतरवून ठेवली होती, तीही तिची बंदी मोडूनच. एवढी बेशिस्त माणसं पदरात टाकल्याबद्दल देवाचे आभार मानताना तिला रडू यायचंच बाकी होतं.

राहिली मावशी. हा फोन करायची तिची छाती होईना. ती चालत मावशीच्या टोपांच्या कारखान्यात गेली. मावशी लाकडी डोक्यावर जाळी ताणून एकेक केस ओवत होती.

"मावशे, टॅब उघडाय का गं?"

"काल रात्रीच बंद केला. तू सांगितलंयस ना." मग तिने मान वर केली. "तोंड का असं पाडलंयस?"

डिस्क बनवणाऱ्यांच्या नावाने खडे फोडावेत, असं वाटेत शंभरदा ठरलं होतं. ते जिभेवर येईना. "तुझी विकी गेली. बाकी सगळ्यांची वाचली. किल्ली नको तिथे ठेवली मी."

"सगळ्यांची वाचली? त्या प्लंबरचीपण?"

"हो."

"म्हणजे तुझं ऐकलं तीच बुडाली."

"हो."

मावशीने सुई जाळीत खोचून ठेवली. "शाबास. वीस वर्षांची डोकी गेली माझी."

"परत मोजू ना. मी येते फीत घेऊन, एकेकाच्या घरी."

"आणि मेलेत त्यांच्या? फीत घेऊन वर जाणारेस?"

मावशीने तिच्याकडे पाहिलं, मग भिंतीवर ओळीने टांगलेल्या, गेलेल्या नटांच्या जुन्या टोपांकडे पाहिलं आणि पायानेच एक स्टूल पुढे ढकललं.

"बस. बोटांना आठवतंय तोवर लिहून घे. जिवंत ते नंतर, ते कुठे पळत नाहीत."

कुलूपताईने लॅपटॉप उघडला. मावशीने पहिला टोप उतरवला, आत दोन्ही हात घातले आणि डोळे मिटून चाचपू लागली.

"लिही. राजाचं काम करायचा. घेर लहान, मागून चपटं. स्वतःला फार मोठं समजायचा, म्हणून आत कापूस भरावा लागे."

"कापसाचंपण लिहू?"

"तेच तर लिहायचंय."